ड्रॅगनचं सामान घरी कसं न्यायचं

आमच्या खेळात ड्रॅगन मेला, त्या दुपारी आम्ही तिघी इतक्या ओरडलो की खालच्या बंद गॅरेजमध्ये मुक्कामाला असलेला एक कारागीर हातात पान्हा घेऊन जिन्यात आला. काय झालं म्हणून त्यानं विचारलं, तर आपा म्हणाली, "काही नाही, एक मेला." तो आल्या पावली परत गेला.

खरी पंचाईत दुसऱ्या दुपारी सुरू झाली. ड्रॅगनच्या गुहेत सोन्याचा ढीग होता, तांब्यापितळेची भांडी होती, धान्याची पोती होती आणि या सगळ्यांच्या मागं, एका नगरातून त्यानं पळवून आणलेली, बसक्या हत्तीएवढी पितळी घंटा होती. घंटा परत आणून देऊ असा शब्द आम्ही त्या नगराला दिला होता. आमच्याकडं होतं एक खेचर, तेही लंगडं.

ही गोष्ट परळीतली, लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यातली. आपा म्हणजे माझ्या वर्गमैत्रिणीची थोरली बहीण. ती पुण्याला इंजिनिअरिंगला होती, कॉलेज बंद झालं तशी घरी आली. तिच्या अब्बांचं ट्रकच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, दुरुस्त करायचं गॅरेज स्टेशनकडच्या रस्त्याला होतं, वर त्यांचं घर, आणि घराच्याही वर गच्चीत पत्र्याची एक खोली. मागच्या गल्लीत आमचं घर. आमच्या दोन्ही घरांच्या गच्च्या एवढ्या जवळ होत्या की रस्त्यावर न उतरता, पोलिसांच्या नजरेला न पडता आम्ही त्या खोलीत जाऊ शकायचो.

आम्ही म्हणजे मी आणि माझी आतेबहीण. आत्या आणि मामा, म्हणजे आत्याचे यजमान, धारूरच्या घाटाखालच्या एका वाडीत राहायचे आणि दसरा झाला की ऊसतोडीला कोल्हापूरकडं जायचे. ते गेले की आतेबहीण शाळेसाठी आमच्याकडं यायची आणि ते परतले की घरी जायची. त्या वर्षी ते परतले, पण एसटी बंद, रस्ते बंद, म्हणून ती आमच्याकडंच राहिली. माझ्यापेक्षा वर्षानं मोठी, पण वर्ग एकच. बोलायची कमी. आईला कामात न सांगता हात लावायची, त्यामुळं आई तिचं कौतुक करायची आणि मला बोल ऐकून घ्यावे लागायचे.

खेळ असा, की एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर संकट आलं की आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि ते जमलं की नाही ते फासा सांगतो. आपानं पुण्याहून एका कापडी थैलीत फासे आणले होते. कुणाला आठ बाजू, कुणाला बारा, एकाला तर वीस. तिच्या अम्मींना ते आधी तसबीहचे, म्हणजे जपमाळेचे, सुटलेले मणी वाटले होते.

पहिल्या दिवशी आपानं विचारलं, कोण काय होणार. मी जादूगारीण झाले. मैत्रीण तलवारबाज. आतेबहीण बराच वेळ आमच्या तोंडाकडं बघत बसली आणि म्हणाली, "मी हमाल."

"हमाल नाही गं यात," आपा म्हणाली. "योद्धा घे, चोर घे, वैदू घे."

"मग ह्यांचं सामान कोन उचलनार?"

आपानं फोनमध्ये उतरवून घेतलेलं खेळाचं पुस्तक वरखाली केलं, मग हसली आणि म्हणाली, "बरं. तू हमालीण. ताकद सगळ्यात जास्त, हत्यार काही नाही."

ड्रॅगन मेला तोही हमालिणीमुळंच. त्याच्या अंगावर तिनं धान्याची पोती लोटली आणि तो दबलेला असताना मैत्रिणीनं तलवार चालवली. त्यामुळं सामानाच्या बाबतीत आतेबहिणीचा शब्द चालायचा. आपाची अपेक्षा होती की आम्ही खिसे भरून निघू, कारण खेळात कोण किती ओझं नेऊ शकतं याचे नियम कडक होते. आतेबहीण ऐकेना.

"घंटा तर न्यायचीच हाय. पन भांडी टाकून कावून जायचं? चांगली हायत की."

"अगं, पण नेणार कशी?"

"ते बघू."

आणि मग कितीतरी दुपारी आम्ही तेच बघत बसलो. ना लढाई, ना भुतं. पत्र्याची खोली तापलेली, कूलर खडखडणारा, आणि फरशीवर थर्मल वीजकेंद्राची राख. परळीत सकाळी पुसलेली फरशी दुपारी करडी दिसते. त्या राखेत बोटानं चित्रं काढत आम्ही घंटा हलवायच्या जादूच्या वस्तू बनवायला लागलो.

पहिली युक्ती माझी होती. कितीही भरलं तरी भरत नाही आणि जड होत नाही असं पोतं. आपा म्हणाली, "असं पोतं खेळात आधीपासून आहे, आणि ते मी देणार नाही. तुम्ही सगळं त्यात कोंबाल आणि घरी जाल. मग मी कशाची गोष्ट सांगू?" तिनं अट घातली. वस्तू आम्ही बनवायची, पण तिनं काम केलं की बदल्यात काहीतरी घेतलं पाहिजे. फुकट उचलणारी जादू चालणार नाही.

अम्मी सरबत घेऊन वर यायच्या, दारात टेकायच्या. त्यांनीही एकदा मागणी केली. "मेरे कू एक घडा बनाव ना, नीचे के नल से अपने आप ऊपर आनेवाला."

"बनवते," आपा म्हणाली. "पण रिकामा झाला की तो तुम्हाला उचलून खाली नेईल."

"रहने दे फिर," म्हणत अम्मी ग्लास गोळा करून गेल्या.

मैत्रिणीनं दोर बनवला. कितीही वजन टांगा, तुटणार नाही, पण त्याची दोन टोकं धरणाऱ्यांचं आपसात भांडण असता कामा नये. वस्तू छान होती, आपानं लगेच मंजूर केली. घंटेखाली ओंडके घालून, दोरानं ओढत आम्ही ती गुहेबाहेर काढली आणि डोंगराच्या पायथ्याशी आणली. दोराची टोकं माझ्याकडं आणि मैत्रिणीकडं. नेमकं त्याच आठवड्यात आमचं खरोखरचं भांडण झालं. तिच्या घरात ऑनलाइन तासाला मोकळा फोन नव्हता म्हणून मी माझा दिला होता आणि तिनं त्यातले माझे फोटो आपल्या मावसबहिणींना दाखवले होते. आम्ही खेळायला आलो, पण एकमेकींकडं न बघता. आपानं दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "दोर तुटला."

"फासा तर टाकला न्हाई," आतेबहीण म्हणाली.

"गरज नाही."

खेचर घसरलं, भांडी दरीत गेली. आतेबहीण इतकी चिडली की त्या दिवशी आमच्याशी बोललीच नाही. भांडी तर खेळातली होती, पण तिचं तोंड बघून आम्हा दोघींनाच कसंतरी झालं. संध्याकाळी मैत्रीण आमच्या गच्चीवर आली, तिनं मला कैरीची फोड दिली आणि विषय संपला. दोर नंतर पुन्हा जोडला गेला.

त्यापुढं चढ होता. आपानं तो घाट धारूरच्या घाटासारखाच रंगवला होता, वळणावळणाचा, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला खोल झाडी. खेचराचा उपयोग संपला. तेव्हा आतेबहिणीनं चुंबळ बनवली.

घागर किंवा मोळी डोक्यावर घेताना खाली फडक्याची गोल गुंडाळी ठेवतात ती चुंबळ. तिची चुंबळ अशी, की तिच्यावर जे ठेवाल त्याचं वजन डोक्याला लागत नाही. घंटासुद्धा. हमालीण एकटी घंटा घेऊन घाट चढणार.

"आणि बदल्यात?" आपानं विचारलं. "वजन जातं कुठं?"

"उद्या सांगते," आतेबहीण म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिचं लक्ष नव्हतं, एक करपली. दुपारी ती आपाला म्हणाली, "घरी जातं."

"म्हणजे?"

"घरी जे कोनी तिची वाट बघत असंल, त्याच्यावर जातं."

आपानं हातातला फासा खाली ठेवला. मग तिनं विचारलं, "तुझ्या हमालिणीची वाट कोण बघतं?"

"पोरगी हाय तिला. एवढी." तिनं हातानं उंची दाखवली.

आपानं वस्तू मंजूर केली. मला तेव्हा त्यात काही वेगळं वाटलं नाही, मी आपली घंटा एकदाची हलणार म्हणून खूश होते. हमालिणीनं घंटा डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. पहिलं वळण गेलं. आपा सांगत होती, की तिकडं घरी पोरगी पाण्याला निघाली आहे आणि तिला कळशी उचलत नाही. दुसरं वळण गेलं. पोरगी उंबऱ्यात बसली. तिसऱ्या वळणाला आपा म्हणाली, "शेजारची बाई विचारते, का गं बसलीस. पोरगी म्हणते, काही नाही, जड वाटतंय."

"काढली," आतेबहीण म्हणाली.

"काय?"

"चुंबळ काढली. घंटा खाली ठिवली."

"अगं, वळणं थोडीच राहिलीत," मी म्हणाले.

"राहू दे."

ती उठून गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. मैत्रीण तिच्या मागं जायला निघाली तर आपानं तिला हातानं थांबवलं. दर हिवाळ्यात संध्याकाळी आमच्या दारातल्या पायरीवर ती रस्त्याकडं तोंड करून बसायची ते मी लहानपणापासून बघत आले होते. आई तिला आत बोलवायची आणि ती म्हणायची, आले मामी. ती कुणाची वाट बघत बसायची ते त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं.

घंटा घाटात तशीच राहिली. दरम्यान गॅरेज थोडं थोडं सुरू झालं होतं, मालाचे ट्रक यायला लागले होते, आणि अब्बांना आमच्या खेळाची चटक लागली होती. ते कधी वर येऊन बसले नाहीत, पण चहाच्या वेळी जिन्याखालून विचारायचे, "घंटा कुठवर आली?" आणि "घाटातच" म्हटलं की मान हलवून कामाला लागायचे. त्यांचे कारागीरही विचारायचे. एकदा कुणी ड्रायव्हर आपली गाडी सोडवायला आला होता. त्याला वाटलं, खरंच कुठल्या देवळाची घंटा घाटात अडकली आहे, आणि तो क्रेनवाल्याचा नंबर देऊ लागला.

दसऱ्याच्या सुमाराला आत्याचा हात मोडला. बैलाच्या दोरीचा हिसका बसून मनगटातून गेला. तोपर्यंत मुकादमाकडून हंगामाची आगाऊ उचल घेऊन झाली होती आणि ऊसतोडीला माणसं जोडीनं लागतात. मामा आमच्याकडं आले, आईनं केलेला चहा त्यांनी हातात तसाच धरून ठेवला. माझे वडील म्हणाले, "पोरीचं बारावीचं वर्ष आहे." मामा म्हणाले, "मला काय कळत न्हाई का पाव्हनं." आतेबहिणीनं स्वतःच कपडे भरले. जाताना तिनं आपाला निरोप दिला, "घंटा हलवू नका मी येईपर्यंत."

आपानं हलवली नाही. तिचे तास ऑनलाइन सुरू होते, ती अजून घरीच होती. आम्ही दोघी कधी म्हणायचो, नवीन गोष्ट सुरू करू, तर ती म्हणायची, "तिची हमालीण घाटात बसलीय ना."

फोन दुपारी यायचा. जेवणाच्या सुटीत, रेंज असेल तर. मागं ऊस सपासप तुटल्याचा आवाज, कुणाचं तरी रडणारं पोर. ती कोपीत राहते, पालापाचोळ्याची खोपटीच ती, चूल दारात, असं सांगायची. स्वतःबद्दल एवढंच. मग विचारायची, अभ्यासक्रम कुठवर आला, मामीची कंबर कशी आहे. एकदा मधेच थांबून म्हणाली, "तुला जड लागतंय का गं?"

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी म्हणाले, "न्हाई. अजिबात न्हाई." मी खोटं बोलत होते आणि तिलाही ते कळलं असणार, कारण ती हसली.

पाडव्याच्या आधी ती परत आली. काळवंडली होती, हातांना चिरा पडल्या होत्या, मान मात्र सरळ ठेवून चालायची, डोक्यावर काही असल्यासारखी. गॅरेज उघडल्यावर आम्ही जिन्यानं वर जायला लागलो होतो; तो चढताना पूर्वी ती मधल्या टप्प्याशी थांबून गॅरेजकडं बघायची, आता थांबली नाही. अम्मींनी तिला जवळ घेतलं आणि हातांना खोबरेल लावलं. आपानं फासे काढले.

"चुंबळ नको मला," आतेबहीण म्हणाली. "दुसरं आनलंय."

"सांग."

"फळी. ट्रकात मोळी चढवायला लावतेत तशी. पन हिची जादू अशी, की चढावर टाकली की चढाचा उतार होतो. वर चाललेल्या मानसाला खाली चालल्यावानी वाटतं."

"आणि बदल्यात काय घेते?"

"मधी थांबता येत न्हाई. थांबलं की पडलं. आन मागं वळून बघता येत न्हाई. वर पोचलं की मग बघायचं. बघून हसायचं. खाली जे उभं असतंय ते लई भ्यालेलं असतंय."

"तू हसायचीस?" मैत्रिणीनं विचारलं.

"पयल्या दिवशी न्हाई. बा खाली उभा होता. मोळी टाकून मी खाली आले तर त्याच्या डोळ्यात पानी. मंग दुसऱ्या दिवसापासून हसायले."

आपानं फळी मंजूर केली. त्या दिवशी अब्बा पहिल्यांदा वर आले आणि रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसले, कुणाला काही न विचारता. फळी एका वळणावरून दुसऱ्या वळणावर टाकत आम्ही निघालो. मी आणि मैत्रीण दोर धरून, हमालीण खांद्यानं घंटा रेटत. आपा फासा टाकायला सांगायची आणि आतेबहीण टाकायची, कधी बरा पडायचा, कधी जेमतेम. शेवटच्या वळणाला बराच कमी आकडा आला. मैत्रिणीनं डोळे मिटले. आपानं आकड्याकडं पाहिलं, अब्बांकडं पाहिलं, आणि म्हणाली, "पुरतो."

तो पुरत नव्हता. नियम मला तोवर पाठ झाले होते. मी फासा उचलून थैलीत टाकला.

घंटा नगरात पोचली. लोकांनी ती वेशीवर टांगली, वाजवली. आपानं ते सगळं फार छान सांगितलं, पण आतेबहिणीचं लक्ष नव्हतं. तिनं विचारलं, "पोरगी उठली का?"

"उठली," आपा म्हणाली. "पाणी भरून आली. दारात उभी आहे."

अब्बा उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "चला, बरं झालं." आणि खाली गेले.

पुढं कॉलेज उघडलं, आपा पुण्याला गेली. फासेही तिच्याबरोबर गेले. आतेबहिणीनं बारावी एक वर्ष उशिरा केली, माझ्या जुन्या वह्यांवर, आणि मग अंबाजोगाईला नर्सिंगला गेली. तिचा प्रवेश झाला त्या दिवशी आत्या वाडीहून आमच्याकडं आली होती, नीट न जुळलेल्या हातानं तिनं स्वतः पेढे वाटले. मैत्रीण लग्न होऊन दिंद्रुडला गेली, तिच्या सासरी फळांचा व्यापार आहे. मी धारूरला एका शाळेत शिकवते. रोज घाटातून येजा करते आणि बसमध्ये बहुतेक वेळ वह्या तपासते. आपा पुण्यात एका कंपनीत आहे, तिच्या मुलानं नुकतंच बोलायला सुरुवात केली आहे. गॅरेज रस्तारुंदीकरणात गेलं. अब्बांनी गावाबाहेर घर आणि गॅरेज नवीन बांधलंय, आता त्यावर गच्ची नाही, सरळ स्लॅब आहे आणि त्यावर टाक्या.

गेल्या ईदला आम्ही चौघी कितीतरी वर्षांनी एकत्र आलो. त्या नव्या घरात, पुढच्या खोलीत. आपा तिच्या मुलाच्या मागं पळत होती. मैत्रीण कलिंगडाच्या भावाबद्दल नवऱ्याशी फोनवर बोलत होती, तिचा आवाज हुबेहूब अम्मींसारखा झालाय. आतेबहीण सगळ्यात शेवटी आली, दवाखान्यातून थेट, पांढऱ्या गणवेशावर ओढणी घेऊन. वॉर्डात माणसं कमी आहेत, सुटी मिळाली नाही, म्हणाली. अम्मींनी तिच्यासमोर शीरखुर्म्याची वाटी ठेवली. तिनं दोन घास घेतले, पाठ टेकली, आणि आपा तिला काहीतरी विचारत असतानाच तिला झोप लागली.

आपानं तिच्या हातातला चमचा हळूच काढून घेतला. मुलगा मोठ्यानं हसत आला तर मैत्रिणीनं त्याला उचलून आत नेलं. मी पंखा एकनं वाढवला. आम्ही बाहेर ओट्यावर जाऊन बसलो आणि हळू आवाजात बोलत राहिलो, तिच्याबद्दल नव्हे, असंच, शाळेतलं, सासरचं, अब्बांच्या मधुमेहाचं. दुपार कलली तरी तिला कुणी उठवलं नाही.